ट्रॅक्टरवरची गोधडी

जयसिंग सीताराम रायकर, वय वर्षे चौसष्ट, राहणार धायरी. मुलांनो, या गृहस्थांना मी ओळखतो. तेव्हा हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या.

चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेले एकच शेत त्यांच्याकडे उरले होते. ते विकावे म्हणून मुलगा सौरभ वर्षभर मागे लागला होता. अखेर बापलेकांत ठरले : अक्षय तृतीयेपर्यंत जयसिंगरावांनी शेत स्वतः नांगरले, तर विक्रीचा विषय कायमचा बंद, नाही तर सही. गावातले ट्रॅक्टर केव्हाच विटा आणि पाण्याच्या टाक्या ओढू लागले होते. म्हणून दोघे हडपसरला एक जुना ट्रॅक्टर पाहायला गेले.

यंत्र परदेशी होते, मागे नांगर जोडलेलाच. कंपनीचे नाव धड वाचता येईना. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून अगदी स्वस्तात निघालेले.

सौरभ फोनमध्ये डोके घालून म्हणाला, “पप्पा, ही कंपनी गूगललासुद्धा माहीत नाही.”

“गूगलला कुठं नांगरायचंय?”

विकणाऱ्या नसीमबानू. त्यांचे यजमान शमशुद्दीन हिवाळ्यात याच ट्रॅक्टरवर बसल्या जागी वारले होते. व्यवहार पुरा झाला, तेव्हा बाईंनी लोखंडी बैठकीवर घडी घालून ठेवलेली गोधडी उचलली.

“अहो, एवढी मी ठेवते. माझ्या हातची आहे. हे रोज हिच्यावरच बसायचे.”

जयसिंगरावांना रिवाज ठाऊक होता. त्यांचे वडील बैल विकत, पण दावे कधी देत नसत. ते सोडून घरच्या खुंटीला परत येई. तरीही घासाघीस करून मिळवलेल्या वस्तूतला धागाही त्यांना सोडवेना.

“बाई, दावं बैलाचं ठेवतात. यंत्राला कसलं आलंय दावं? जसं आहे तसं घेतलंय मी.”

नसीमबानूंनी गोधडी पुन्हा बैठकीवर ठेवली. हलक्या हाताने एकदा थोपटली. “सांभाळून न्या,” एवढेच म्हणाल्या.

दिवसा शहरातून ट्रॅक्टर नेणे म्हणजे चौकाचौकात हवालदाराशी हुज्जत. म्हणून सौरभ मोटारसायकलवरून पुढे गेला आणि जयसिंगराव रात्री एकटेच कालव्याकडेच्या रस्त्याने निघाले. चैत्र अमावास्या, शुक्रवार. बारा वाजून गेले होते.

निम्म्या वाटेवर त्यांना जाणवले, की गोधडी उबदार आहे. इंजिनाची ऊब असेल, असे त्यांनी मनाशी म्हटले. पण इंजिन तर पुढे होते...

पुलाच्या अलीकडे ट्रॅक्टर बंद पडला. आपोआप.

त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि डिझेलची नळी पाहायला खाली उतरले. कालव्याचे पाणी हलत नव्हते. मघाशी भुंकणारी कुत्रीही गप्प होती.

मागे बैठकीची स्प्रिंग करकरली. माणूस टेकला, की करकरते तशी.

ते वळले. बैठक रिकामी. पण गोधडी... गोधडी मधोमध दबलेली होती.

कोणी खोकले. जवळच.

मग गिअरचा दांडा सरकला. इंजिन सुरू झाले. दिवे नाहीत. ट्रॅक्टर त्यांच्या खांद्याला घासून पुढे गेला. सावकाश. धायरीच्या दिशेने.

त्यांनी हाक मारायला तोंड उघडले. कोणाला मारणार...?

उजाडता उजाडता ते पायी धायरीला पोहोचले. ट्रॅक्टर शेताच्या बांधाशी उभा होता. इंजिन थंडगार. किल्ली अजून त्यांच्या खिशात. शेताकडे न पाहता त्यांनी गोधडी उचलली आणि रिक्षा करून तडक हडपसर गाठले.

“चुकलो बाई. ही घ्या.”

नसीमबानूंनी हात पुढे केला नाही.

“हे गेल्यापासून रोज पहाटे ट्रॅक्टरजवळ यांचा खोकला ऐकू यायचा. तेवढ्यावर दिवस निघायचा माझा. म्हणून मागत होते हो मी...” त्यांनी दाराची कडी धरली. “आज नाही आला. आता ही घेऊन मी काय करू, रायकरसाहेब?”

दार लागले.

ते परतले, तेव्हा सौरभ बांधावर उभा होता. “काय पप्पा, रात्रीतच सुरुवात? पण एकच ओळ? बाकीचं कधी?”

जयसिंगरावांनी तेव्हा प्रथमच शेताकडे पाहिले. या बांधापासून त्या बांधापर्यंत नांगराची एकच ओळ, दोरी लावल्यासारखी सरळ. माती ओली, ताजी उलटलेली. तिच्या दोन्ही बाजूंना चाकाचा माग कोठेही नव्हता.

त्या बैठकीवर ते पुन्हा चढले नाहीत. अक्षय तृतीयेला त्यांनी सही केली. धायरीत आता रायकरांचे शेत नाही.