गाण्यातली रिकामी जागा

बसा. तो रेडिओ तेवढा बंद करा, मग सांगतो.

काम तसं साधं होतं. आमोण्याला काशिनाथच्या घरी जायचं, त्याच्या रेकॉर्डचं खोकं स्कूटरला बांधायचं आणि काळोख व्हायच्या आत पेडण्याला परतायचं. निघताना बायको, सोनाली, म्हणाली, "येतना डिचोलेच्या बाजारातसून थोडी सुंगटां हाडा." म्हणजे बघा, घरातून निघालो तेव्हा माझ्या डोक्यात कोळंबीचं हुमणच होतं. भयबिय काही नव्हतं.

माझा मित्र काशिनाथ खनिज वाहणाऱ्या बार्जवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. डिचोलीचं लाल खनिज मांडवीतून मुरगावला न्यायचं आणि खोल पाण्यात नांगरलेल्या परदेशी जहाजात चढवायचं, यात त्याची उभी हयात गेली. माल चढेपर्यंत बार्ज तासन्‌तास जहाजाला चिकटून राही. अशाच एका अमेरिकन आचाऱ्याने लावलेलं गाणं त्याने खालून ऐकलं आणि गडी कामातून गेला. मग त्या आचाऱ्याने दोरीला बाल्दी बांधून रेकॉर्ड खाली सोडल्या. ह्याने त्याच बाल्दीतून नारळ आणि काजूची फेणी वर पाठवली.

"म्हणजे चोरटा धंदाच की रे," मी त्याला चिडवायचो.

"धंदो न्हय. भाविकांची देवाणघेवाण," तो गंभीरपणे म्हणायचा.

मलाही त्याच गाण्यांचं वेड. सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज. गोव्यात इंग्रजी गाणं म्हटलं की लोकांना लग्नातला बँड आठवतो. हे तसलं नव्हे. यातला माणूस गात नाही, विनवतो. घसा फाटला तरी त्याला पर्वा नसते. मागे ऑर्गन पोटातून घुमत असतो, ट्रम्पेट कळवळतात, आणि मग एकाएकी सगळं थांबतं. तो हाक मारतो. एका श्वासापुरती जागा रिकामी राहते, आणि मागच्या बायका त्या हाकेला उत्तर देतात. सगळी गंमत त्या रिकाम्या जागेत आहे. ज्याला ती कळली त्याला गाणं कळलं, बाकीच्यांनी नुसती मान डोलवावी.

सोनाली याला 'इंग्लिश गाऱ्हाणां' म्हणते, आणि ते काही खोटं नाही. देवळात गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसंच हे. काशिनाथ तर गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहायचा. रविवारी माझ्याकडे ऐकायला आला की गायकाने हाक मारायचा अवकाश, हा मांडीवर थाप मारून खड्या आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" हसून हसून पुरेवाट व्हायची. पुढे पुढे मीही म्हणू लागलो. जिभेला वळणच पडलं.

"हाक मारली आणि कोणी जाप दिली नाय, तर हाक मारणारो खंय जातलो?" तो विचारायचा. जाप म्हणजे उत्तर. मला तेव्हा ते फार सुंदर वाटायचं.

शिगमा झाला आणि काशिनाथ गेला. गावच्या धक्क्याजवळ, ओहोटीला, कमरेएवढ्या पाण्यात. जन्म नदीवर काढलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात बुडतो हे मला काही केल्या पटेना. पण गेलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

त्यानंतर एक दिवस त्याच्या मुलीचा, प्रतीक्षाचा फोन आला. "काका, बाबांच्यो रेकॉर्डी घेवन जावा. आई रोज तिन्हीसांजेक एकच रेकॉर्ड लावता आणि मगे उठून धक्क्याकडे चलाक लागता. परवा मी तिका पाण्यातसून ओढून काडलंय… ती एक दिवस जातली, काका."

असं कळल्यावर कोण बसून राहील? मी गेलो.

प्रतीक्षा फाटकातच उभी होती. पोर पार सुकली होती. मला आत न नेता तिने तिथेच आवाज बारीक केला.

"ती पांढऱ्या कागदाची रेकॉर्ड आसा ना, तिच्यार नाव नाय, काय नाय. बाबा होते तेव्हा एकदा ती लावलेली. बाबा माज्या समोर जेवत होते. घास तोंडात. आणि भायल्या खोलयेतसून बाबांचोच आवाज इलो… व्हय म्हाराजा."

"टेप करून ठेवलं असेल त्याने."

"मीय तसाच म्हटलंय. पण बाबा ताटावरसून उठले. पाण्यातसून बोलल्यासारखो आवाज होतो, काका. आणि त्याच आठवड्यात…" तिने नदीकडे मान वळवली.

आत तिची आई, सिंधूवहिनी, रेकॉर्ड प्लेअरजवळ पाटावर बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. बाहेरगावच्या गाडीची वाट बघत असल्यासारख्या. लुगड्याचा काठ तेवढा ओला होता आणि त्याला लाल चिखल लागला होता.

"इल्यात, सुधीरबाब? न्हेया रेकॉर्डी. पण एकदा ऐकया. शेवटचा. मगे मी आड येवचंय नाय."

प्रतीक्षाने मागून मान हलवली, नको नको. मला ते दिसलं. पण खरं सांगू? मला भीती वाटत होती आणि मला ती रेकॉर्ड ऐकायचीही होती. इतकी वर्षं मैत्री, आणि काशिनाथने ती कधी माझ्याकडे आणली नव्हती. शिवाय बाईमाणसाचं मन शांत होत असेल तर एकदा ऐकायला काय हरकत, अशी मी माझी समजूत घातली. माणसाला हवं असतं तेव्हा कारणं आपोआप सुचतात.

बाहेर संध्याकाळच्या पदेराचा, पाववाल्याचा भोंगा वाजत दूर गेला. पाव घेऊन बायका आत गेल्या असाव्यात, कारण मग वाड्यावर कसलाच आवाज उरला नाही. मी सुई ठेवली.

आधी फक्त खरखर. मग ऑर्गन, एकच खालचा सूर, आणि त्यावर एका पुरुषाचा आवाज. असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. दुखणारा, पण आरडाओरडा न करणारा. शब्द कळत नव्हते आणि कळायची गरजही नव्हती. माझे डोळे भरून आले. काशिनाथला याने का धरलं ते मला तिथल्या तिथे कळलं.

गायकाने हाक मारली. ऑर्गन थांबला. जागा रिकामी झाली.

मागच्या बायकांनी उत्तर दिलं नाही. बायका नव्हत्याच. नुसती खरखर, आणि ती खरखर हळूहळू बार्जच्या पोटाला घासणाऱ्या पाण्यासारखी वाटू लागली…

"व्हय म्हाराजा."

काशिनाथ. शंकाच नको. पण जड, ओला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोलीत नदीच्या गाळाचा आणि डिझेलचा वास पसरला.

गाणं पुढे सरकलं. पुन्हा हाक आली. या वेळी उत्तर स्पीकरमधून आलं नाही. ते जनेलाच्या बाहेरून आलं, अगदी खिडकीच्या गजांजवळून.

"व्हय… म्हाराजा…"

सिंधूवहिनी उठून उभ्या राहिल्या. नव्या नवरीसारख्या हसल्या. "दमले ते," त्या हळूच म्हणाल्या. "एकट्याक जाप देवची लागता. आता मी दितंय."

"आई, नको!"

तिसरी हाक आली. वहिनींचे ओठ उघडले आणि प्रतीक्षाने झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. मी सुईकडे हात नेला. देवाशपथ नेला.

पण बाहेरूनही उत्तर आलं नाही. काशिनाथ गप्प होता.

ती जागा रिकामी राहिली. गाण्यातली जागा एका श्वासाची असते. ही संपेचना. रेकॉर्ड फिरत होती, सुई चालत होती, आणि तो गाणारा थांबला होता. तो आमची वाट बघत होता. माझी छाती भरून आली. इतक्या आर्त हाकेला कोणीच काही म्हणू नये? माझा हात सुईवरच राहिला, आणि इतक्या रविवारांची सवय जिभेवर आली.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

ऑर्गन लगेच सुरू झाला. गाणं शेवटाला गेलं आणि संपलं. वास गेला. जनेलाबाहेर माडाची झावळी हलत होती, बाकी काही नव्हतं.

वहिनी मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते सुटकेचं नव्हतं.

"माजी पाळी होती, सुधीरबाब," त्या म्हणाल्या. "तुमी कित्या दिलात?"

प्रतीक्षा आईला कुशीत घेऊन रडत होती. मी खोकं उचललं, स्कूटरला बांधलं आणि निघालो. ती पांढऱ्या कागदाची रेकॉर्ड वाटेत डिचोलीच्या पुलावर पायाखाली फोडली आणि तुकडे नदीत टाकले. सुंगटं राहिलीच. सोनालीची बोलणी खाल्ली. तिला बाकी काही सांगितलं नाही, उगाच बाईमाणसाला घोर कशाला?

नंतर प्रतीक्षाचा फोन आला. आई नीट जेवते, झोपते, धक्क्याचं नाव काढत नाही. "काका, तुमी माज्या आईक वाचवलात," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं. अजूनही वाटतं. ते खोटं नाही.

काल तिन्हीसांजेला धीर करून मी एक रेकॉर्ड लावली. माझी स्वतःची, कॉलेजात असल्यापासूनची. पाठ आहे मला. काशिनाथने तिला कधी हातही लावला नव्हता. मी इथेच बसलो होतो, चहात पाव बुडवत. गायकाने हाक मारली. मागच्या बायकांनी नेहमीसारखं उत्तर दिलं. आणि त्यांच्या खालून…

आतून सोनाली म्हणाली, "अहो, तुमका सर्दी झाली काय? पाण्यातसून बोलल्यासारखो आवाज येता."

मी तोंड उघडलंच नव्हतं. माझ्या तोंडात पावाचा घास होता.