संशयाची सवाष्ण

पाचव्या पाटाभोवतीची रांगोळी पुरी करून वनमाला उठणार, तोच राजलक्ष्मीबाई माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पाट ओठांतल्या ओठांत मोजले, जिन्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "पाचवी सवाष्ण म्हणून मी शांताताईला निरोप धाडलाय. शामलेला सांग, बायकांचं आटोपेपर्यंत खाली येऊ नकोस म्हणावं."

वनमालेच्या बोटांतली रांगोळीची चिमूट तशीच राहिली... पाचवा पाट शामलेचा होता! काल रात्री देवापुढे हात जोडून तिनं मनाशी नावं घेतली होती, त्यात सर्वांत आधी घरच्या माहेरवाशिणीचं घेतलं होतं. शामला म्हणजे राजलक्ष्मीबाईंच्या पोटची एकुलती एक लेक. आणि तिला वर थांबायला सांगायचं, तेही भावजयीनं!

"सासूबाई, वन्संच्या कपाळी कुंकू आहे," एवढंच ती म्हणाली.

"आहे. पण कशाच्या भरवशावर आहे?" राजलक्ष्मीबाई म्हणाल्या, आणि पदर सावरत स्वयंपाकघरात निघून गेल्या.

ब्रह्मदेशात जपानी शिरले, रंगून पडलं, आणि तिकडची आपली माणसं डोंगर तुडवत परत येऊ लागली, त्याला आता सहा महिने होत आले होते. ग्वाल्हेरच्या स्टेशनावरून त्यांच्या गाड्या जायच्या तेव्हा शहराचा सारा लष्कर भाग त्यांना पाहायला लोटायचा. सुरुवातीला केवढा कळवळा होता लोकांना! पुऱ्यांच्या टोपल्या काय, थंड पाण्याच्या घागरी काय, जुनी लुगडी काय... बायकासुद्धा फलाटावर जाऊन चहा वाटून आल्या. मग ऊन तापलं आणि कळवळाही आटला. दाल बाजारात गहू मिळेनासा झाला तेव्हा दुकानदार सरळ सांगू लागला, "बाईजी, बर्मावाले आ गये, अब गेहूँ कहाँ से लाऊँ?" नळावर बायका म्हणू लागल्या की हे लोक पटकी घेऊन येतात, वाटेत कुणाच्याही हातचं खातात, यांची जात तरी कुणी पाहिलीय? आणि ज्यांनी चहा वाटला होता त्याच हे बोलत होत्या. वनमालेला ते ऐकवत नसे. ती आपली तुळशीला पाणी घालताना पुटपुटत राही, देवा, यांना क्षमा कर.

अशाच एका गाडीतून ज्येष्ठात शामला उतरली. पायांत जोडे नव्हते, केस कापलेले, अंगावर कुणाचा तरी खाकी कोट. नवरा मधुसूदन मंडालेच्या तारघरात होता. तारा चालू राहतील तोवर जागा सोडायची नाही असा त्याला हुकूम होता. त्यानं बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला एका जथ्यात घालून दिलं आणि आठ दिवसांत मागून येतो म्हणून सांगितलं. मुलगी वाटेतच गेली. तिला कुठे ठेवलं ते शामला सांगत असे, एका ओढ्याकाठी, चिंचेखाली... पण त्या जागेला नाव नव्हतं. आणि मधुसूदनाची मात्र ना तार आली, ना चिठ्ठी. आला म्हणूनही नाही, गेला म्हणूनही नाही.

या 'गेला म्हणूनही नाही'मध्येच सारं अडलं. महिनाभर बायका तिला पाहायला आल्या, तिच्या पायांची भेगाळलेली कातडी पाहून रडल्या. मग कुणीतरी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, संशयाची सवाष्ण. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं ते फक्त वनमालेला आणि राजलक्ष्मीबाईंना. गोरखी वाड्याकडच्या देवळात एकीनं कुंकवाचा करंडा शामलेपुढून तसाच पुढे नेला. वनमालेनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तिच्या शांत अंतःकरणात प्रथमच एक निखारा पडला.

खरं तर तिला शामलेचा कळवळा यावा असं पूर्वी काही घडलं नव्हतं. पाच वर्षांपूर्वी शामला ब्रह्मदेशातून बाळंतपणाला आली, तेव्हा हिरव्या साडीत पाटावर बसलेल्या नणंदेची ओटी भरायला वनमाला पुढे झाली होती, आणि शामला हसत हसतच आईला म्हणाली होती, "वहिनींनी नको हं, आई." पंचवीस बायकांदेखत! वनमालेच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि कूस रिकामी होती. ती नारळ हातात घेऊन तशीच मागे सरली, स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटत बसली. त्या दिवसाचा सल तिनं कुणाला दाखवला नाही. शुक्रवारची सवाष्ण मात्र चालूच ठेवली. बारा वर्षं श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करून एक सवाष्ण जेवू घालायची आणि शेवटी पाच जणी बसवून उद्यापन करायचं, असं हे व्रत. त्याचा दंडक कडक होता. वाढलेल्या पानावरून एखादी उठून गेली तर बारा वर्षं वाया, पुन्हा पहिल्यापासून आरंभ. आज उद्यापन होतं. वनमाला बत्तिशीची झाली होती. आणखी बारा वर्षांनी देवी प्रसन्न झाली तरी तिच्या पदरात काय घालणार होती?

ती जड पावलांनी जिना चढली. वाटेत मनाशी शब्द जुळवत होती... वन्सं, तुम्हाला दगदग होईल... वन्सं, बायकांची गर्दी...

शामला खिडकीशी बसली होती. तिनं मान वळवली आणि वनमाला काही बोलायच्या आतच म्हणाली, "माझं डोकं दुखतंय म्हणून सांगा, वहिनी. मी येत नाही खाली."

"कुणी काही बोललं?"

"कुणी बोलायला कशाला हवं? पाट मांडल्याचा आवाज आला, हाक आली नाही." ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली. "वहिनी, चालताना एक गोष्ट फार आठवायची. मी तुम्हाला ओटी भरू दिली नव्हती. पोर गेली तेव्हा वाटलं, तुमचा तळतळाट..."

वनमालेनं तिच्या तोंडावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते, पण ते अश्रू दुःखाचे राहिले नव्हते. "मी तुमच्या पोरीला शाप देईन असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "उठा. वेणी घालते तुमची, जेवढे केस आहेत तेवढ्यांची. आणि मी हाक मारली की खाली यायचं."

तिला बसवून, कुंकू रेखून वनमाला खाली आली ती स्वयंपाकघरात गेलीच नाही. ती बैठकीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सासरे लक्ष्मीकांत दरबारच्या दफ्तरातून निवृत्त झालेले, आता गावच्या निर्वासित साहाय्य मंडळाचे अध्यक्ष. उद्याच्या सभेचं भाषण ते चष्मा लावून अर्धवट मोठ्यानं वाचत होते. नवरा शरच्चंद्र कामासाठी उज्जयिनीला गेला होता, नाहीतर तिनं त्याच्याकरवी निरोप पाठवला असता. चौदा वर्षांत सासऱ्यांशी ती आपण होऊन कधी बोलली नव्हती. दाराआड उभी राहून, पदर पुढे ओढून ती म्हणाली, "मामंजी, एक विचारायचं होतं."

लक्ष्मीकांतांनी कागद खाली ठेवले.

"मागल्या सभेत आपण म्हणालात की ग्वाल्हेरच्या प्रत्येक घराचं दार निर्वासितांना उघडं आहे. आपलंही आहे. पण मामंजी, पाट का नाही? वन्संना नागा लोकांच्या डोंगरात एका म्हातारीनं दोन दिवस भात घातला. तिनं त्यांना जात विचारली नाही, नवरा कुठे आहे ते विचारलं नाही. आणि आपल्या घरी, त्यांच्या आईच्या चुलीवर पुरण शिजतंय, तर त्यांनी डोकं दुखण्याचं ढोंग करावं? जावईबापू गेल्याची तार आली आहे का कुणाला? जपान्यांना ते सापडले की नाही हे देव जाणे, आपण मात्र आज त्यांना मारून मोकळे झालो."

तिचा आवाज चढला नव्हता. लक्ष्मीकांत चष्मा काढून तो पुसत राहिले.

बायका जमल्या. सुमनताई आल्या, त्यांचे यजमान मंडळाचे चिटणीस. त्यांच्याबरोबर त्यांची धाकटी जाऊ. शांताताई आल्या. आणि शेजारच्या लठ्ठ मंदाताई आल्या, त्या येताच खिरीचा वास घेत म्हणाल्या की सकाळपासून पोटात नुसता चहा आहे. चौघी पाटांवर बसल्या. पाचवा पाट राजलक्ष्मीबाईंचा. पुरणाच्या दिव्यांनी ओवाळून झालं, पानं वाढून झाली, तूप तेवढं राहिलं... आणि वनमालेनं भिंतीशी टेकवलेला सहावा पाट काढून रांगेच्या अगदी सुरुवातीला मांडला, पान वाढलं आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "वन्सं, पानं वाढली."

शामला आली. कापलेल्या केसांची इवलीशी वेणी, त्यात मोगऱ्याचं एक फूल. ती पाटापाशी येऊन उभी राहिली, पण बसेना.

सुमनताईंनी हातातलं पाणी खाली सोडलं. आपलं काही म्हणणं नाही, पोरीबद्दल जीव तुटतो, स्टेशनावर आपण या हातांनी लुगडी वाटली आहेत. पण शुभकार्यात शंका नको, नवऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो, असं त्या कितीतरी गोड शब्दांत बोलत राहिल्या. शेवटी वनमालेकडे वळल्या.

"विचार कर हं, वनमाला. मी उठले तर तुझी बारा वर्षं उठतील."

शामला मागे वळली. वनमालेनं तिचं मनगट धरलं... त्या एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे न झालेलं ते बाळ आलं. किती वर्षं त्याला तिनं मनातल्या मनात न्हाऊ घातलं होतं, त्याचं नावसुद्धा ठरवलं होतं. तिनं त्याच्याकडे शेवटचं पाहून घेतलं.

"उठा, सुमनताई," ती हळूच म्हणाली. "हिला उठवून मिळालेलं मूल मला मांडीवर घेता येणार नाही."

सुमनताई उठल्या, त्यांची जाऊ उठली, आणि चुळबुळत शांताताईही उठल्या. बैठकीतून जाताना सुमनताईंनी लक्ष्मीकांतांपाशी गाऱ्हाणं मांडलं, सून फार डोक्यावर बसली आहे म्हणून. ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, मग भाषणाचे कागद नीट घडी करून त्यांच्या हातात दिले. "हे यजमानांना द्या. उद्या त्यांनाच बोलू दे. माझ्याच्यानं हे आता वाचवणार नाही."

आत मंदाताई तेवढ्या पानावर होत्या. "माझ्या नवऱ्याला काही होत नाही ग," त्या शामलेला म्हणाल्या. "पंचवीस वर्षं माझ्या हातचं खाऊन जगलाय तो. बस तू."

राजलक्ष्मीबाई आपल्या पाटावर पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. वनमालेला वाटलं, आता याही उठणार. त्या उठल्याच, पण तुपाचं भांडं घेऊन शामलेपाशी आल्या आणि तिच्या पानात तूप घालू लागल्या. "मला भीती वाटली," त्या म्हणाल्या, कुणाला ते कळेना. "हिला मानानं बसवायचं आणि उद्या तार यायची... त्यापेक्षा आधीच धरून चालावं असं वाटलं. मी आई आहे ग. मला ते दोनदा सोसवलं नसतं." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तुझं व्रत मी बुडवलं. बारा वर्षांचं."

वनमालेनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. रिकाम्या तिन्ही पाटांसमोरची पानं तिनं केळीच्या पानांनी झाकून ठेवली.

पहिल्या घासाआधी सवाष्णींनी नाव घ्यायची रीत. मंदाताईंनी ताबडतोब घेतलं, "दाल बाजारची डाळ, सराफ्याचं सोनं, गोपाळरावांचं नाव घेते, पुरण वाढा दुणं," आणि स्वतःच हसल्या. मग रीतीप्रमाणे पुढचीला आग्रह व्हायचा. पुढची शामला होती. वनमाला तोंड उघडणार, तेवढ्यात राजलक्ष्मीबाईच लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "नाव घे, बाळ. जावईबापूंचं नाव घे."

शामलेनं मान वर केली. आल्यापासून या घरात ते नाव कुणी मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. "इरावतीच्या काठी..." तिनं सुरुवात केली आणि ती थांबली. पुढे काही जुळेना. ती पुन्हा म्हणाली, "इरावतीच्या काठी..." आणि पुन्हा तिथेच अडली.

"नुसतं घे," वनमाला म्हणाली.

"मधुसूदन," शामला म्हणाली. मग जरा मोठ्यानं, बैठकीपर्यंत ऐकू जाईल असं, "मधुसूदन."

आणि तिनं पोळीचा तुकडा मोडला.