आगो न म्हणता

पोकुआला पहिल्यांदा खटकला तो एक हिरवा दिवा. हरभऱ्याएवढा. कुणी सर्व्हरकडे फिल्म मागितली की तो लुकलुकायचा, एरवी गप्प. स्टुडिओतली मंडळी कधीच घरी गेलेली, सगळे कॉम्प्युटर बंद, आणि दिवा आपला लुकलुकतोय.

"असेल काहीतरी," ती म्हणाली आणि कामाला लागली.

"शिकलेल्यांचं हे असं," बडूमामा ओसरीवर सांगत होते. "दिसलं ते बघायचं नाही. आधी 'असेल काहीतरी'!"

वीज गेली होती. पोरं अंगाला अंग चिकटवून बसली होती. मामांचा जन्म मयतांचं शूटिंग करण्यात गेलेला, आणि पोकुआ त्यांच्या भाचीची मैत्रीण. म्हणजे गोष्ट ऐकीव नव्हे, हे ते दर वेळी बजावत. रात्रही पक्की सांगत. मागल्या वर्षीची, अक्वासिदाए सणाच्या आदल्या शनिवारची. उजाडल्यावर राजवाड्यात पितरांसाठी ढोल वाजणार होते.

स्टुडिओ कुमासी शहरातल्या बंटामा भागातला. धंदा एकच, मयताच्या फिल्म कापून-जोडून द्यायचा. शनिवारी मयत, रविवारी चर्च सुटलं की नातलग दारात: "आमची आजी कुठाय?" सगळ्यांच्या आज्या एकाच सर्व्हरवर, आणि सर्व्हर मेटाकुटीला आलेला.

"सर्व्हरमध्ये कॅश असते," मामा म्हणाले.

"किती सेडी, मामा?"

"गाढवा, रोकड नव्हे! हाताशी असलेलं फडताळ समज. लागणाऱ्या फिल्म त्यात ठेवायच्या. ते भरलं की नको असलेल्या काढून मागच्या गोदामात टाकायच्या. पण टाकण्याआधी, ज्याच्या कॉम्प्युटरवर फिल्म उघडी आहे त्याला विचारायचं, झालं का बाबा तुझं? कारण त्याने केलेलं काम अजून त्याच्याचपाशी असतं. विचारल्याशिवाय फिल्म ओढली की ते काम गेलं. म्हणून उत्तर येईपर्यंत सर्व्हर थांबायचा. आणि तो थांबला की सगळा स्टुडिओ हातावर हात ठेवून बसायचा."

ही विचारायची रीत ट्वुमासीमामांनी बसवलेली. स्टुडिओतले सगळ्यात जुने संकलक ते. बायकोच्या वर्षाच्या कार्यक्रमाची फिल्म जोडता जोडता खुर्चीतच गेले. त्यांचा कॉम्प्युटर भंगारात गेला, खोलीला कुलूप लागलं. ती एक फिल्म मात्र सर्व्हरच्या लेखी अजून त्यांच्याकडे उघडीच होती. फडताळ भरलं की सर्व्हर त्यांना विचारायचा. आणि थांबायचा.

मालक बेडियाको लंडनचे चार हिवाळे खाऊन आलेले. तेव्हापासून त्यांना इथली हवासुद्धा गावंढळ वाटे.

"मेलेल्याची वाट बघणारा सर्व्हर!" संध्याकाळी ते पोकुआला म्हणाले होते. "म्हाताऱ्याने मशीनलाही गावची वळणं लावली. आज रात्रीत हे नीट कर. सकाळी अडकला, तर मॅडम, तुम्ही आणि तुमची डिग्री केजेटियाच्या बाजारात फोनची कव्हरं विका."

पोकुआची नोकरी अजून कच्ची होती. आणि तिच्या आईने अख्ख्या चर्चला सांगून ठेवलेलं, पोरगी इंजिनिअर झाली म्हणून.

तिने प्रोग्राम उघडला आणि नाकातून हसली. ट्वुमासीमामांनी त्या प्रश्नाचं नाव ठेवलं होतं 'आगो'. दाराशी उभं राहून आपण म्हणतो तेच. आतून 'आमे' आलं की मगच आत पाऊल. सर्व्हर आगो म्हणायचा, थांबायचा, पुन्हा म्हणायचा, पुन्हा थांबायचा.

"मशीनला कसली आलीय रीतभात," ती पुटपुटली. आणि तिने आगो काढूनच टाकलं. जो कॉम्प्युटर गप्प, तो मेला. त्याची फिल्म सरळ बाहेर.

"आगो काढलं?" ओसरीवरची एक पोरगी दचकली.

"काढलं. आपल्याकडे चोरसुद्धा आगो म्हणून शिरतो. हिने काढलं."

फडताळ झरझर रिकामं झालं. जिथे अर्धा तास जायचा तिथे डोळ्याचं पातं लवलं. पोकुआने गार झालेल्या वाचेचा, म्हणजे चवळी-भाताचा, डबा उघडला. पहिला घास घेतला. स्क्रीनकडे पाहिलं.

रिकाम्या फडताळात एक फिल्म परत आली होती.

बायकोच्या वर्षाची.

तिने ती काढली. फिल्म परत आली. पुन्हा काढली. पुन्हा आली. कुणीतरी मागत होतं. कोण मागतंय ते तिने पाहिलं, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला. भंगारात गेलेला कॉम्प्युटर मागत होता.

तिने मालकांना फोन लावला.

"सर... ट्वुमासीमामांच्या मशीनवरून कुणीतरी..."

"कोण? भूत?" मालक खो खो हसले. "विद्यापीठात हेच शिकवतात वाटतं! अगं, भुताला मी पगार देत नाही. तुलाही देणार नाही. ती फिल्म गोदामातूनही पूस. कायमची. त्या म्हातारीची आता कोण वाट बघतंय?"

फोन बंद झाला.

'पुसू का?' स्क्रीनवर प्रश्न. पोकुआच्या मनात आलं, ही एवढीच प्रत आहे. मग आई आठवली. केजेटिया आठवलं.

तिने 'हो' दाबलं.

सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज बसला. पुसणं अर्ध्यावरच राहिलं, सर्व्हर अडकला. ठार. उद्याची एकही फिल्म उघडेना. तिने मालकांना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

काढलेलं आगो तिने जसंच्या तसं परत घातलं. सर्व्हर हलला. स्क्रीनवर एकच ओळ उमटली.

आगो...

उत्तर नाही.

आगो...

नाही.

ती उठली. बोळाच्या टोकाला ट्वुमासीमामांची खोली. कुलूप कडीला लोंबत होतं. उघडं. दार नुसतं लोटलेलं. ते ढकलायला तिने हात पुढे केला...

आणि मागे घेतला.

"आगो," ती म्हणाली.

काही नाही.

"आगो... मामा."

पळावं असं वाटलं. पण पाय वळेनात. एवढा वेळ जी वाट तिने थट्टेवारी नेली, तीच आता तिला बघायची होती.

ती थांबली.

थांबली...

"मामा, चुकले. तुमचं झालं की सांगा. मी उभी आहे. आगो."

आत खुर्ची करकरली.

"आमे," कुणीतरी वैतागून म्हणालं. "आलो गं, आलो... म्हाताऱ्या माणसाला उठायला वेळ लागतो."