एक लेन पलीकडे

माझं सगळं आयुष्य न हलणाऱ्या माणसांचे फोटो काढण्यात गेलं. पासपोर्ट, ओळखपत्र, फार तर एखादं रडकं बाळ. "हनुवटी खाली, खांदे सरळ, हलू नका" एवढं मी झोपेतही बडबडतो, असं आई सांगते. त्यामुळे भाचीचा धावतानाचा फोटो काढायचं मी जाहीर केलं, तेव्हा तिला हसू आवरेना.

"मामा, आधीच सांगते, मी मधे थांबणार नाही हं."

भाची सतरा वर्षांची. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या शहरातल्या क्रीडा वसतिगृहात जाणार होती आणि ती गेल्यावर आमच्या मैदानावरचा मातीचा ट्रॅक उखडून तिथे रबरी ट्रॅक येणार होता. रविवारची शर्यत ही तिची या मातीवरची शेवटची. मला तिचा एकच फोटो हवा होता, पण पापण्या मोजता येतील इतका स्वच्छ. त्याचं कारण आमच्या जिन्यात टांगलेलं आहे. ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, धावतानाचा एकमेव फोटो मी चौदाव्या वर्षी काढला, आणि माझा हात हलला. त्यात एक निळा फराटा आहे आणि त्याच्या मागे वेणीचा काळा. ती ताई आहे हे फक्त आईला आणि मला कळतं. भाची तीन वर्षांची असताना ताई आठवडाभराच्या तापात गेली. तुझी आई धावताना कशी दिसायची, हे त्या पोरीला मी दाखवू शकलो नाही, याची बोच चोवीस वर्षं जुन्या त्या फोटोपाशी आलो की अजून जाणवते.

लेन्स काकांनी दिली. काका म्हणजे आमच्या गल्लीतले वर्तमानपत्राचे निवृत्त छायाचित्रकार. त्यांचे हात आता कापतात, चहाची बशीसुद्धा खाली ठेवूनच पितात. पत्र्याच्या पेटीतून त्यांनी ती बाहेर काढायला लावली. भरलेल्या बादलीइतकी जड होती. पुढच्या काचेत माझा अख्खा चेहरा मावत होता.

"हातात धरून फुशारकी मारू नकोस," काका म्हणाले. "एका पायाच्या स्टँडवर ठेव. कोपरं पोटाशी. श्वास सोडताना बटण दाब. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नकोस. आणि पहिले काही दिवस निराश होऊ नकोस. ती तुला अजून ओळखत नाही."

"लेन्स माणसं ओळखते होय?"

काका हसले नाहीत. त्यांनी पेटीचं झाकण लावून घेतलं.

सोमवारपासून मी भाचीबरोबर पहाटे मैदानावर जाऊ लागलो. कितीतरी वर्षांनी जात होतो. पाणी मारलेल्या मातीचा तोच वास, त्याच रुळाची तीच कुरकुर. ताईच्या सरावाला मी इथेच घड्याळ घेऊन उभा असायचो. ती वेळ विचारायची आणि मी तिला खूश करायला एक दशांश सेकंद कमी सांगायचो. तिला ते माहीत होतं, हे मला फार उशिरा कळलं. मैदानाच्या मधल्या गवतावर स्टूल टाकून बसलो आणि लेन्स स्टँडवर चढवली.

पहिल्या दिवशी दोनशे फोटो काढले. दोनशेच्या दोनशे वाया. भाची सगळ्यांत धूसर.

हात हलला असता तर सगळंच फराटलं असतं, एवढं मला कळतं. इथे तसं नव्हतं. भाची दोन नंबरच्या लेनमध्ये होती आणि तिच्या पलीकडे तीन नंबरमधल्या मातीचा कण अन् कण स्वच्छ होता. म्हणजे फोकस मागे पडत होता. कॅमेरा आणि लेन्स एकमेकांना नवे असले की असं होतं, आणि त्यावर उपायही आहे. घराखालच्या माझ्या स्टुडिओत टेबलावर पट्टी तिरकी ठेवली, मधल्या आकड्यावर नेम धरला, फोटो काढला. मधलाच आकडा स्वच्छ आला. दहादा काढला, दहादा तोच. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच.

मंगळवारी दुसऱ्या मुलींवर लेन्स धरून पाहिली. एकीच्या कपाळावरची पुटकुळीसुद्धा दिसली. सराव घेणाऱ्या सरांच्या शिट्टीवरचे ओरखडे दिसले. पुन्हा भाचीवर आलो, ती धूसर. बुधवारी ती चौथ्या लेनमध्ये धावली, तेव्हा पाचवी स्वच्छ आली.

मी काकांना फोन केला.

"किती मागे पडतोय?" त्यांनी विचारलं.

"एक लेन. मोजून एक."

"सगळ्यांच्याच बाबतीत?"

"नाही. फक्त भाचीच्या."

काका म्हणाले, "लेन्समध्ये दोष नाही. माझ्याकडे असतानाही तिने दोन-तीनदा असं केलंय. ऑटोफोकस बंद कर आणि रिंग हाताने फिरव. आणि हे बघ, मागे काय आलंय ते मोठं करून बघत बसू नकोस."

असं सांगितल्यावर कोण बघणार नाही? मी स्टुडिओत जाऊन ते फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठे केले. पाचवी लेन रिकामी होती. पण घोट्याच्या उंचीवर माती उडालेली होती. पुढच्या फोटोत थोडी पुढे, त्याच्या पुढच्यात आणखी पुढे. एका फोटोत मातीत नुकताच पडलेला खळगा होता, पाच बोटांचा. मैदानावरच्या सगळ्या मुलींच्या पायांत खिळ्यांचे बूट होते.

आई जेवायला बोलवायला आली होती. माझ्या खांद्यावरून तिने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. भाचीकडे तिचं लक्ष गेलं नाही.

"बूट चावायचे तिला," ती म्हणाली आणि गॅस बंद करायला निघून गेली. तिच्यामागे जाऊन काही विचारायची मला हिंमत झाली नाही.

रविवारी सकाळी ऊन स्वच्छ होतं. अंतिम शर्यतीत पाचच मुली. भाची पाचव्या लेनमध्ये, सहावी रिकामी. नुकताच रूळ फिरवलेला, माती पाटीसारखी सपाट. मी गवतावर स्टूल टाकलं, शेवटच्या वीस मीटरच्या खुणेसमोर. कोपरं पोटाशी घेतली. खरं सांगायचं तर मी कुणाचा फोटो काढायला आलोय, हे मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. ऑटोफोकस मी बंद केला नव्हता.

पिस्तूल वाजलं.

भाची वळणावरून सरळीवर आली. सगळ्यांच्या पुढे होती. धूसर होती.

तिच्या पलीकडे माती उडत होती. लेन्स घुरघुरली आणि तिथे स्थिरावली.

मातीच्या वर काहीतरी जमू लागलं होतं. अजून माणूस म्हणता येणार नाही असं. निळसर. त्याच्या मागे, हेलकावे घेत, काहीतरी काळं.

आणखी एक सेकंद, आणि चोवीस वर्षांपूर्वी हललेला हात सुधारला असता. माझं बोट बटणावर होतं.

भाची खुणेपाशी पोहोचली. तोंड उघडं, मान ताठ. ती अजून एकाही फोटोत स्वच्छ आलेली नव्हती.

मी लेन्सवरचा खटका सरकवून ऑटोफोकस बंद केला आणि रिंग फिरवली. बोटभर. भाची काचेत आली. पापण्या, घाम, दात, सगळी.

मी श्वास सोडला आणि बटण दाबलं.

ती जिंकली. मैत्रिणींच्या गराड्यातून सुटून धापा टाकत माझ्याकडे आली, कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"ही मी आहे?"

"तूच."

ती हसली. मग गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडता सोडता म्हणाली, "मामा, हसणार नसशील तर एक सांगते. इथे धावताना माझ्या शेजारी नेहमी कुणीतरी असतं. लहान होते तेव्हापासून. पावलं ऐकू येतात, बाहेरच्या बाजूने. कधी पुढे जात नाही, कधी मागे पडत नाही."

"आज होती?"

"होती. इथपर्यंत." तिने वीस मीटरच्या खुणेकडे बोट दाखवलं. "मग एकदम थांबली."

"तुला भीती वाटायची का गं?"

"कधीच नाही. आज शेवटी एकटीने धावताना वाटली."

सर तिला बक्षिसासाठी हाका मारू लागले, तशी ती अनवाणीच पळाली. मी कॅमेरा पेटीत ठेवला आणि सहाव्या लेनपाशी गेलो. तिकडे अजून कुणी फिरकलं नव्हतं. सरळीच्या सुरुवातीपासून पावलांची रांग येत होती, बोटांवर पडलेली, लांब लांब ढांगांची. वीस मीटरच्या खुणेपाशी ती संपत होती. शेवटची दोन पावलं शेजारी शेजारी होती आणि बाकीच्यांपेक्षा खोल, कुणी बराच वेळ उभं राहिल्यासारखी. त्यांची बोटं शर्यत संपते त्या बाजूला नव्हती. मी बसलो होतो, तिकडे होती.