डाव्या अंगाचं ठिगळ

डोंगरमाथ्यावरच्या बर्फात उघडं पडलेलं लढाऊ विमान माझ्या सासूबाईंच्या थोरल्या भावाचं आहे का, एवढंच आम्हाला पाहून यायचं होतं. युद्धाच्या काळात एका सकाळी मामा विमान घेऊन उडाले ते परतलेच नाहीत. विमानही सापडेना, तेव्हा ‘शत्रूला जाऊन मिळाला’ अशी आवई उठली आणि ती त्या घराला कायमची चिकटली. सासूबाईंच्या वडिलांनी मान वर करून गल्लीतून चालणंच सोडलं.

मी विमानांच्या संग्रहालयात दुरुस्तीचं काम करते. त्या डोंगरात गिर्यारोहकांना नेणाऱ्या एका वाटाड्यानं अवशेषांतला पत्र्याचा तुकडा आणि वैमानिकाच्या पायाखालचं एक पेडल आणून दिलं, ते माझ्याच टेबलावर आलं. शेजारी मी सासूबाईंकडचे जुने फोटो मांडले. एकात मामा पंखावर बसून हसत होते. दुसऱ्यात विमान बाजूनं दिसत होतं. कॉकपिटच्या खाली, डाव्या अंगाला, गोळीचं भोक बुजवायला ठोकलेलं पत्र्याचं ठिगळ होतं. तिरकं, घाईघाईत मारलेलं. पण हातातल्या तुकड्यावरून काही ठरेना. तेव्हाची दोन्ही बाजूंची विमानं लांबून जुळ्या भावंडांसारखी दिसायची, आणि पेडलं तर सगळी सारखीच!

“वहिनी, हे टेबलावर बसून व्हायचं नाही,” धाकटे भावजी म्हणाले. कुठूनही पडले तरी पायांवरच उतरतात, म्हणून घरात त्यांना बोका म्हणतात. डोंगर चढण्यात त्यांची हयात गेली होती. “चल तू. मी आहे ना!”

वाटाड्या, भावजी आणि मी असे तिघं निघालो. पहिलाच ओढा ओलांडताना पाण्याचा लोंढा आला आणि खाण्याची पिशवी घेऊन गेला. पुढं धुकं असं दाटलं की, तंबूच्या दारातून स्वतःचे बूट दिसेनात. आम्ही आत बसून राहिलो. पोटात कावळे ओरडत होते आणि भावजी खिशात उरलेल्या बिस्किटांचा एकेक तुकडा मोडून देत होते.

“आईला सांगू नकोस हं, मी असं वाढतो म्हणून. घरी रोज वाढायला लावेल.”

हसू आलं, पण उसनंच. परतावं की थांबावं, हेसुद्धा आमच्या हातात उरलं नव्हतं.

अखेर धुकं विरलं. समोरच्या उतारावर, काळ्या खडकांच्या मध्ये, ते डाव्या कुशीवर निजलं होतं. इंजिन तुटून केव्हाच खालच्या दरीत गेलेलं. शेपटीवरचा क्रमांक बर्फानं घासून पार पुसून टाकलेला. कॉकपिट बर्फानं गच्च भरलेलं. मी काचेवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. आत कुणी असेल तर ते अजून आतच होतं.

उजव्या पंखाखाली वाकून मी चाकाचा दांडा पाहिला. तो धडाजवळ जोडलेला होता. म्हणजे चाकं बाहेरच्या बाजूला मिटणारी; शत्रूच्या विमानांची आतल्या बाजूला मिटायची.

“भावजी, हे आपल्या बाजूचं आहे! शत्रूचं नाही!”

पण आपल्या बाजूची अशी कितीतरी विमानं या डोंगरांत हरवली होती. मामांचं कोणतं, हे एकटं ते ठिगळच सांगू शकत होतं. आणि डावं अंग खाली दबलेलं!

भावजींनी कुदळीनं खालून बर्फ फोडला. कंबरेला दोर बांधला, कॅमेरा पुढं सरकवत ते पोटावर आत शिरले. दोराचं दुसरं टोक वाटाड्या आणि मी धरून बसलो.

“दिसतंय का?”

“थोडं राहिलंय! अजून बर्फ आहे!”

एवढ्यात पायाखाली कडकड झाली. वाटाड्या ओरडला.

“बाहेर या! लगेच!”

आम्ही दोर खेचला. तो हलेना. पुन्हा खेचला. आतून किंकाळी आली. हात अडकला होता! विमान करकरलं, तसूभर उचललं गेलं आणि भावजी सुटून आमच्या अंगावर आदळले. दुसऱ्याच क्षणी सगळा उतार निसटला! विमान निघालं. घसरता घसरता एकदा ते वळलं आणि डावं अंग आभाळाकडे आलं. कॉकपिटच्या खाली काहीतरी काळपट, तिरकं होतं. ठिगळ? की सावली? बर्फाचा धुरळा उठला आणि विमान कड्यावरून खाली गेलं. कॅमेराही गेला. आदळल्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन उभी राहिले. तो आलाच नाही.

“खाली उतरून शोधू,” भावजी म्हणाले. त्यांचा हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता.

“तिथं उतरता येत नाही,” वाटाड्या म्हणाला. “आणि उतरलात, तरी वर येता येत नाही.”

भावजी माझ्याकडे बघत राहिले. “वहिनी, तू सांग.”

“घरी जायचं,” मी म्हणाले. हे बोलताना मला माझीच चीड आली.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच भावजी म्हणाले, “आई, ठिगळ होतं. वहिनीनं पाहिलं.”

“पाहिलंस?”

एक ‘हो’ पुरला असता. त्यांच्या डोळ्यांकडे बघून तो तोंडातून निघेना.

“काहीतरी दिसलं, आई. ठिगळच होतं, असं शपथेवर नाही सांगता येणार.”

“मग लोकांना काय सांगायचं?”

मी त्यांचे जुने फोटो त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी पंखावर बसलेल्या मामांचा फोटो वर काढून ठेवला.

“आणि आत? कॉकपिटमध्ये?”

“बर्फ होता.”

त्यांनी मान हलवली. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोक्याची बोटं त्यांनी दोन्ही हातांत घेतली आणि हलक्या हातानं चोळायला लागल्या.

“किती गार पडलीत रे,” त्या म्हणाल्या.