बिल्ड ३७३

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. वहिनीचा तर मुळीच नव्हता. तरी हे घडलंय, आणि यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

शनिवार होता. दुपारचे पावणेतीन. बाहेर लख्ख ऊन.

वहिनी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. प्रोग्रॅममध्ये कुणी साधा स्वल्पविराम हलवला, तरी त्याचा नवा बिल्ड बनतो. त्याला नवा नंबर द्यायचा आणि जुने सगळे जपून ठेवायचे, हे तिचं काम. कुठल्याही जुन्या बिल्डवर परत जाता आलं पाहिजे. नवऱ्याशी भांडतानाही ती अशीच सरळ लग्नाच्या दिवसापर्यंत मागे जायची.

त्यांनी कोल्ड स्टोरेजसाठी एक यंत्र बनवलं होतं. अंगाच्या उबेवरून ते खोलीत किती माणसं आहेत ते मोजायचं. शून्य आलं की दार आपोआप लॉक, आणि गारठा सुरू.

आतून उघडायची सोय?

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले होते, "आत कुणी नसताना आतून उघडणार कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

त्या खोलीचं दार बसवायला माझा सख्खा भाऊ गेला होता. वहिनीचा नवरा. त्याचा फोन आला.

"बाईसाहेब, तुमचं यंत्र येडं झालंय. खोली रिकामी, आणि हे एक दाखवतंय."

"नीट बघितलंत का?"

"अगं, चार भिंती आणि एक बल्ब आहे. बल्बला माणसात धरता का तुम्ही?"

वहिनीने पदर खोचला. ३४० नंबरचा बिल्ड चांगला होता, तशी लेखी नोंद होती. आत्ताचा ३७२ बिघडलेला. अशा वेळी दोघांच्या मधला घ्यायचा, मग उरलेल्या अर्ध्यातला मधला. चूक कुठे शिरली ते सापडतंच. तिने ऑफिसात बसूनच यंत्रात ३५६ टाकला.

"शून्य," दादा बाहेरून म्हणाला. दार धाडकन लागलं.

३६४.

"एक." दार उघडलं.

३६०. शून्य.

३६२. एक.

३६१...

"एक."

सापडला! तिने ३६० आणि ३६१ शेजारी शेजारी उघडले. नेमकं काय बदललं ते बघायला.

काहीच बदललं नव्हतं.

एक अक्षरही नाही. फक्त नंबर.

तिने परत ३६० टाकला. मघाशी ज्याने शून्य दाखवलं होतं, तोच.

"एक," दादा म्हणाला.

३४० टाकला.

दादाने दारातून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "...एक."

म्हणजे चूक बिल्डमध्ये नव्हती. या दहा मिनिटांत खोलीत काहीतरी...

वहिनीने मान झटकली आणि ३७२ परत टाकला.

"थांब, आत जाऊनच बघतो," दादा म्हणाला.

आत कुणी असेपर्यंत दार लागत नाही. म्हणून ती हो म्हणाली. तिच्या स्क्रीनवर आकडा बदलला. दोन.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आवाज आला. हा प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा. कशालाही "झालंच" म्हणतो, म्हणून ऑफिसात त्याचं नावच 'झालंच' पडलंय.

"ताई, एक जास्त येतोय ना? मी सरळ एक वजा केला. बिल्ड ३७३. पाठवला पण. झालंच!"

वहिनी ताडकन उठली. मग तिने मनात हिशोब केला. दोनातून एक गेला, उरला एक. दार लागणार नाही.

स्क्रीनवर एक आला. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि मग...

शून्य.

फोनमध्ये दार लागल्याचा आवाज आला.

"अहो? अहो!"

पंख्यांची घरघर सुरू झाली. दादाच्या हाका. दारावर थापा. तिने ताबडतोब ३७२ परत टाकला. स्क्रीनवरची पट्टी सरकायला लागली. दहा टक्के. बारा टक्के. झालंच पहिल्यांदाच काही बोलत नव्हता.

चाळीस टक्क्यांना थापा थांबल्या.

साठला हाका थांबल्या.

मग नुसती घरघर...

चार मिनिटांनी ३७२ लागला. स्क्रीनवर एक आला आणि दार उघडलं.

"आलो बाहेर," दादा म्हणाला. अगदी शांत आवाजात. चहाला आल्यासारखा.

वहिनी हुंदके देत होती. डोळे पुसून तिने स्क्रीनकडे पाहिलं.

एक.

"अहो, खरंच बाहेर आलात ना?"

"आलोय. उन्हात उभा आहे."

एक.

दादा घरी आला. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठणठणीत. जेवतो, झोपतो, कामाला जातो. वहिनीला आता बाईसाहेब म्हणत नाही, पण नवरे सुधारतातच कधीकधी, असं मी तिला म्हणालो.

ती हसली नाही.

पुढच्या आठवड्यात तिने ऑफिसातलं एक यंत्र घरी आणलं. टेस्टिंगला, असं सांगून. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. यंत्राने आकडा दाखवला.

दोन.

मी उठून गॅलरीत गेलो. काचेतून पाहिलं. ती दोघं समोरासमोर बसलेली.

एक.

३४० पासून ३७२ पर्यंत एकूणएक बिल्ड तिने लावून पाहिला. एकही दादाला मोजत नाही.

आणि ती खोली अजून एकच दाखवते. रोज ऑफिसात गेल्यावर वहिनी आधी तो आकडा बघते, मगच पर्स खाली ठेवते. साहेब मागे लागलेत, "३७३ टाका, लॉक करा, माल बाहेर सडतोय." ती रोज नवं कारण काढते. एक दिवस सर्व्हर बंद, एक दिवस पासवर्ड विसरला.

काल जेवताना ती मला हेच सांगत होती. हळू आवाजात. दादा मान खाली घालून जेवत होता.

"टाक की तो ३७३," तो म्हणाला. "आत कुणी नाहीये."

वहिनी तशीच ताटावरून उठली. आज सकाळी तासभर आधीच ऑफिसला गेली.

मी घरीच आहे. दादाही...

म्हणजे, तोही.