झाकणकाका

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा, माझं काही अडत नाही. पण हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. मंगळवारी, भर दुपारी, त्याच्या ऑफिसात.

तो खुर्चीत बसून दुर्बीण चालवतो. दुर्बीण पृथ्वीच्या पार पलीकडे, डोंगरावर. इथे दुपार तेव्हा तिथे रात्र.

तिथे एक म्हातारे राखणदार होते. ताऱ्यांचे फोटो झाले की कॅमेऱ्यातले दोष ओळखायला एक पूर्ण काळा फोटो घ्यावा लागतो. त्यासाठी ते शिडीवर चढून दुर्बिणीच्या तोंडावर झाकण लावायचे आणि चॅटवर लिहायचे, "झाकण लावलं." म्हणून भावाने त्यांचं नावच ठेवलं, झाकणकाका.

गेल्या वर्षी एका विझत्या ताऱ्याभोवतीच्या तेजोमेघाचे फोटो घेताना तिथे ढग यायला लागले.

काकांनी लिहिलं, "मी शिडीवर आहे. दुर्बीण हलवू नका."

याने वाचलं. तरी ढगांआधी एक शेवटचा फोटो साधायला हलवली!

काका पडले ते उठलेच नाहीत.

आणि या शहाण्याने काय करावं? मेसेज पुसून टाकला. चौकशीत म्हणाला, "ते न सांगता शिडीवर चढले होते." काकांच्या बायकोला तसंच कळवलं गेलं. चूक तुमच्याच माणसाची.

पुढे तिथे मोटरवर चालणारं झाकण बसवलं. आता रात्री तिथे कुणीच नसतं.

मंगळवारी पुन्हा तोच तेजोमेघ. फोटो झकास आले. स्वारी खूश. झाकणाचं बटण दाबायला हात पुढे केला, तोच...

"झाकण लावलं."

चॅटवर. बटण तर दाबलंच नव्हतं!

त्याने घाबरत तिथला सीसीटीव्ही उघडला. दुर्बिणीला शिडी टेकवलेली. तिच्यावर कुणी नाही. पण तिच्या पायऱ्या एकेक करून वाकत होत्या...

वरून खाली.

मग त्याच्या उजव्या डोळ्यासमोर कडेने काळं सरकायला लागलं. दोन मिनिटांत सगळा अंधार. डॉक्टर म्हणाले, "डोळा ठणठणीत आहे."

संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्याने सगळं ओकलं. मी चांगलाच झापला. "आत्ताच्या आत्ता त्या बाईंना खरं लिही."

"नोकरी जाईल रे."

"आणि डोळा गेला तो?"

"उद्या लिहितो, नक्की."

उद्या!

बुधवारी सकाळी वहिनीचा फोन. खिडक्या सताड उघड्या, अंथरुणावर ऊन आलेलं, आणि हा विचारतोय, "लाइट का लावत नाहीस?"

मी धावत गेलो. त्याचा लॅपटॉप उघडला. चॅटवर एकच नवी ओळ...

"दुसरंही लावलं."

मग त्याने रडत रडत पत्र सांगितलं. मी टाइप केलं, बाईंना पाठवलं. तासाभरात त्यांचं उत्तर आलं.

"मला ठाऊक आहे. मंगळवारी हे दारात उभे होते. म्हणाले, दोन झाकणं लावायची राहिलीत, लावून येतो."

भाऊ रोज विचारतो, "बाईंचं काही आलं का रे?"

मी म्हणतो, "नाही."

म्हणजे आता मीही एक मेसेज दडवून बसलोय. आणि आमच्या जिन्यात कालपासून कुणीतरी शिडी आणून ठेवली आहे. कुणाची ते शेजाऱ्यांनाही माहीत नाही.